ग्रामसभेत बोलायचंय ना? मग आधी घरात मोठ्यानं बोला

आमच्या मिरज तालुक्यातल्या बायका बचत गटाच्या मीटिंगमध्ये कशा बोलतात ते एकदा येऊन ऐका, कुणाचा हप्ता थकलाय, व्याज किती झालं, कर्ज कुणाला द्यायचं, सगळं तोंडपाठ आणि ठणकावून. त्याच बायका ग्रामसभेला मागं भिंतीला टेकून बसतात, पाण्याचा विषय निघाला की एकमेकींना कोपरानं ढोसतात, "तू बोल की", "नको गं, तूच बोल", तेवढ्यात विषय पुढं जातो आणि प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, सर्वानुमते मंजूर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण नळ किती वाजता येतो आणि किती वेळ टिकतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

म्हणजे माहिती कमी पडत नाही, उभं राहिलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. ते सगळ्यांचंच होतं, भीती वाटली की अॅड्रेनलिन सुटतं आणि श्वास वरच्यावर होतो. उठायच्या आधी दोन-तीनदा श्वास सावकाश, लांब सोडला तर बराच फरक पडतो. पण खरं काम घरातच करायचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीता स्वयंवर हे नाटक केलं ते आपल्या सांगलीत, नाटकाची तालीम मोठ्यानं बोलूनच होते हे इथं कुणाला सांगायला नको, तरी आपण मात्र मुद्दे मनातल्या मनात घोकतो आणि सभेत आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. भाकरी थापताना बोला, पोराला समोर बसवून बोला, पण तोंडातून शब्द बाहेर पडू देत.

आणि भाषण करायचंच नाही! नमस्कार-चमत्कार, प्रस्तावना काही नको, एकच प्रश्न. "भाऊसाहेब, वरच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतंय, पाण्याचा व्हॉल्व्ह कधी बदलणार ती तारीख प्रोसिडिंगला लिहा." झालं. एवढं पाठ असलं की पहिला शब्द सापडतो, आणि बहुतेकींचं अडतं तिथंच.

कायद्यानं ग्रामसभेच्या आधी वेगळी महिला सभा घ्यायची असते, ती नुसती सहीपुरती होऊ देऊ नका, तोच प्रश्न आधी तिथं विचारा, समोर सगळ्या ओळखीच्याच असतात.

आता सगळ्यात अवघड जागा. कुणीतरी म्हणणारच, "वहिनी, बसा, नंतर बघू." इथं चांगल्या चांगल्या बायका खाली बसतात. बसायचं नाही, चिडायचंही नाही, तेच वाक्य त्याच आवाजात परत म्हणायचं. आणि शेजारी कोण बसणार ते आदल्या दिवशीच ठरवा, तिचं काम एवढंच की लगेच म्हणायचं, "त्यांचं पुरं होऊ दे की आधी." शेजारीण अशी बोलली की सहसा कुणी परत मधे तोंड घालत नाही, आमच्याकडं तरी असंच झालंय.