तुम्ही विचारलंत म्हणून: बंडूचं अजून तेच का?

हो, माझ्या बोक्याचं, बंडूचं, अजून तेच. मधले काही महिने बरे जातात, मग एखाद्या सकाळी बाथरूमच्या फरशीवर गुलाबी थेंब दिसतात आणि पुन्हा पहिल्यापासून. लिफ्टमध्ये, जिन्यात, फोनवर प्रश्न ठरलेला: ‘एवढे डॉक्टर झाले, एवढी औषधं झाली, मग मांजराचं लघवीचं दुखणं बरं कसं होत नाही?’ त्यामागचा न विचारलेला प्रश्नही मला ऐकू येतो. डॉक्टर लुटताहेत, की हिलाच हौस आहे? आजवर ‘चाललेत उपचार’ म्हणून विषय मिटवला. आता एकदाच सगळं सांगते, म्हणजे पुढच्या वेळी नारळपाणी सुचवण्याआधी जरा थांबाल.

बंडूला मुतखडा नाही. जंतुसंसर्गही नाही. सोनोग्राफीत खडा दिसत नाही, कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, तरी मूत्राशयाचं आतलं अस्तर सुजतं, त्यातून रक्त झिरपतं आणि थेंबभर लघवी साचली तरी त्याला शूच्या ट्रेकडे धावावंसं वाटतं. डॉक्टर याला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, म्हणजे कारण न सापडलेली मूत्राशयाची सूज. लघवीच्या तक्रारीसाठी दवाखान्यात येणाऱ्या तरुण आणि मध्यमवयीन मांजरांपैकी निम्म्याहून जास्त मांजरांना हेच असतं. जंतुसंसर्ग होतो तो मुख्यतः दहा वर्षांपुढच्या, मूत्रपिंडं थकलेल्या मांजरांना. चार वर्षांच्या बोक्यात तो क्वचित. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या प्रकाराला (पँडोराच्या नाना दुखण्यांच्या पेटीवरून) ‘पँडोरा सिंड्रोम’ असं नाव सुचवलं, कारण त्यांच्या मते हा एकट्या मूत्राशयाचा आजारच नव्हे. मेंदू, ताणाची संप्रेरकं, नसा या सगळ्यांचं काहीतरी बिनसलेलं असतं, बोंब फक्त मूत्राशय मारतं.

आता यातली खरी मेख. ही सूज बहुतेक मांजरांत आठवडाभरात आपोआप ओसरते. काहीही न देता. त्यामुळे चौथ्या दिवशी जे काही दिलं जाईल त्याला गुण येतो. अँटिबायोटिकला येतो, ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून पाजलेल्या धण्याच्या पाण्याला येतो, अंगाऱ्यालाही येईल. पुढच्या खेपेला तेच औषध पहिल्याच दिवशी दिलं आणि दोन दिवसांत फरक पडला नाही, की डॉक्टर वाईट ठरतो. ‘कारण सापडत नाही याचा अर्थ कोणी नीट शोधलं नाही’ असं मी पूर्वी तावातावाने म्हणायचे. आजही ते पुरतं सोडलेलं नाही. कारण नाही असं निदान गिळायला कुणालाही जड जातं. पण संसर्ग सिद्ध न करता दर खेपेला अँटिबायोटिक देणं याला शोध म्हणत नाहीत, एवढं तरी मान्य आहे.

‘पण रिपोर्टमध्ये क्रिस्टल आले होते ना?’ आले होते. लघवी घरी बाटलीत भरून, फ्रिजमध्ये ठेवून, तीन-चार तासांनी लॅबमध्ये नेली तर थंडीने स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक बाटलीतच तयार होतात. धडधाकट मांजराच्या लघवीतही ते सापडतात. नमुना सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला हवा आणि शक्यतो अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली गेलेला हवा. माणसांच्या लॅबमध्ये पट्टी बुडवून जो रिपोर्ट मिळतो त्यातला पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरात खोटा पॉझिटिव्ह येतो. घनतेचा चौकोनही जनावरांसाठी भरवशाचा नाही, ती रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणानेच बघावी लागते. एक्स-रे काढणार असाल तर शेपटीखालचा भाग फिल्ममध्ये आलाय ना ते पाहा, नाहीतर मूत्रनलिकेत अडकलेला खडा चौकटीबाहेर राहतो. आणि खडा निघालाच तर तो कोणता, यावर पुढचं सगळं. स्ट्रुव्हाइट युरिनरी डाएटने, म्हणजे लघवीच्या विकारांसाठीच्या खास खाण्याने, काही आठवड्यांत विरघळतो. ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो.

इथवरचं त्रासदायक होतं, जिवावरचं नव्हतं. जिवावरचं गौरी-गणपतीत झालं.

घरात पाहुणे, रस्त्यावर ढोल, ट्रे नेहमीच्या जागेवरून हललेला. बंडू ट्रेमध्ये बसून कुंथत होता. आधीच्या खेपांनाही कुंथायचा, पण थेंब दोन थेंब तरी पडायचे. या वेळी लिटर, म्हणजे ट्रेमधली शोषक माती, कोरडं. गोळे धरणाऱ्या लिटरचा हा मोठा फायदा: किती वेळा गेला आणि किती केली हे गोळ्यांवरून कळतं. निरोगी बोक्याचे दिवसाला दोन ते चार बऱ्यापैकी मोठे गोळे होतात. आजारी असला की वाटाण्याएवढे दहा. तुंबला की एकही नाही. दुपारनंतर तो शेपटीखाली सारखा चाटायला लागला, मग पलंगाखाली जाऊन बसला, आणि रात्री ओकला. लघवी बंद असताना ओकणं म्हणजे रक्तात विषारी द्रव्यं साचायला लागली.

एका दवाखान्यातून फोनवर सांगण्यात आलं, ‘बद्धकोष्ठ असेल, थोडं तूप चाटवा, सकाळी आणा.’ हे वाक्य मी अजून विसरलेली नाही. कुंथणाऱ्या बोक्याला बद्धकोष्ठ झालंय असं समजणं, याच्याइतकी महागात पडणारी गल्लत मांजरांच्या बाबतीत दुसरी नाही. फरक हाताला कळू शकतो. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाच्या खालच्या भागात बोटं हळूच ठेवायची. नुसती सूज असेल तर मूत्राशय जवळपास रिकामं असतं, बोटांना लागतच नाही. तुंबलेलं असेल तर लिंबासारखं टणक लागतं आणि मांजर हात लावू देत नाही. दाबायचं मात्र अजिबात नाही, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि कळलं नाही तर कळायची वाट बघायची नाही, बोका उचलायचा. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत जातो, कधी त्याच्याही आधी. मांजरींची नलिका आखूड आणि रुंद असते, त्या क्वचित तुंबतात. बोक्याची टोकाकडे इतकी निमुळती होते की श्लेष्मा, पेशी आणि स्फटिक यांचा बारीकसा गोळाही पुरतो. नसबंदीमुळे ती अरुंद होते असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. लवकर नसबंदी केलेल्या आणि न केलेल्या बोक्यांच्या नलिका मोजून पाहिल्या गेल्या आहेत, रुंदीत फरक आढळलेला नाही. जाडेपणा, दिवसभर घरात बसणं आणि कोरडं खाणं, हा धोका खरा.

दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी नलिकेला हातच लावला नाही. ईसीजीच्या क्लिपा लावल्या आणि रक्त घेतलं. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाला हा वेळकाढूपणा वाटला. तसं नव्हतं. लघवी अडली की पोटॅशियम बाहेर पडत नाही. ते रक्तात लिटरमागे ५.५ मिलिमोलच्या आसपासपर्यंत चालतं, बंडूचं ८ च्या वर होतं. त्या आकड्याला हृदयाचे ठोके मंदावतात, ईसीजीवर एक लहर उंच टोकदार होते, दुसरी नाहीशी होते. अशा मांजराला सरळ भूल दिली तर ते टेबलावरच जाऊ शकतं. म्हणून आधी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, अगदी सावकाश, डोळा ईसीजीवर ठेवून. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला थोडा वेळ संरक्षण मिळतं. पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि त्याच्याबरोबर ग्लुकोज. सोबत सलाइन. ‘शू होत नाही आणि वरून सलाइन कशाला?’ हाही प्रश्न झाला. कारण रक्त पातळ केल्याशिवाय ते विष उतरत नाही.

मग भूल. मूत्रनलिकेचं टोक बाहेर काढून डॉक्टरांनी ते बोटांत हळूहळू चोळलं. गॉजवर पांढरट, कणीदार, चिकट असा तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान तुकडा आला. एवढ्याशासाठी सगळं. त्यानंतर ३.५ फ्रेंच मापाची, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची नळी, भरपूर जेली लावून. ती जोर लावून सरकवायची नसते. निर्जंतुक सलाइनची पिचकारी मारत अडकलेलं मागे मूत्राशयात ढकलायचं आणि पाण्यामागून नळी जाऊ द्यायची. जोर केला की नलिका फाटते, आणि फाटलेली नलिका आकसून भरते, म्हणजे जन्माची अडचण. नळी आत गेली तेव्हा कोकमाच्या रंगाची लघवी आली, बराच वेळ येत राहिली. मूत्राशय दोन-तीनदा धुतलं. नळी टाक्याने शिवून पिशवीला जोडली, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर.

इथे सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथेच पुढचा घोळ होतो. अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडं बेसुमार लघवी करायला लागतात. एरवी तासाला किलोमागे १ ते २ मिलिलिटर, आता त्याच्या कितीतरी पट. पिशवीतलं दर काही तासांनी मोजायचं आणि सलाइन त्या मापाने चढवायचं, नाहीतर सुटलेलं मांजर पाण्यावाचून खचतं. पोटॅशियमही आता उलट कमी पडू शकतं. नळी साधारण २४ ते ४८ तास. ती काढल्यावर बोक्याला लगेच घरी आणायचं नाही. तो स्वतःच्या जोरावर धार सोडतो का हे बघायचं, कारण आतून सुजलेली नलिका आकुंचन पावून पुन्हा बंद होते.

त्याच रात्री तिघांनी नारळपाणी सुचवलं. शंभर मिलिलिटर नारळपाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. वर वाचलंत ना, तो कशाने मरणार होता ते. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच नाही. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, एक गोळीही जीव घेते.

‘एका मांजरावर इतका पैसा?’ याचं उत्तर मी देणार नाही.

मग आता करतेस काय? पाणी. बाकी सगळं त्यानंतर. साडेचार किलोच्या बोक्याला दिवसाला दोनशे मिलिलिटरच्या वर पाणी लागतं. तो ५५ ग्रॅम कोरडं खातो तेव्हा त्यातून ४-५ मिलिलिटर मिळतं, उरलेलं त्याने भांड्यातून प्यावं अशी आपली अपेक्षा. तो पीत नाही. तेवढ्याच उष्मांकाचे ओल्या खाण्याचे ८५ ग्रॅमचे तीन पाऊच खाल्ले तर साधारण दोनशे मिलिलिटर खाण्यातूनच जातं. पाऊचमध्ये आणखी चमचा दोन चमचे कोमट पाणी कालवते. चमच्याने सुरुवात करायची, एकदम रस्सा केला तर तोंड लावत नाही. लघवीची घनता १.०३५ च्या खाली राहावी हे उद्दिष्ट. कोरड्यावरून पाऊचवर दोन-तीन आठवड्यांत न्यायचं, आणि जाडा बोका हट्टाने दोन दिवस उपाशी राहिला तर हट्ट आपण सोडायचा, कारण यकृतात चरबी साचून तो वेगळाच मरतो. उकडलेलं चिकन रोज नुसतंच दिलं तर कॅल्शियम मिळत नाही, आणि मांजराला लागणारं टॉरिन पाण्यात उतरतं. पाणी ओतून टाकलंत तर तेही गेलं. सुकट आणि सोडे बंद. ते खाल्ल्यावर भरपूर पाणी पितो म्हणून चांगलं, असं मासळीवाली मावशी म्हणते. मीठ आणि मॅग्नेशियमचं तिला कसं समजावू? युरिनरी डाएट चालू असेल तर तेवढंच, वरून लघवी आम्ल करणाऱ्या गोळ्या घालायच्या नाहीत.

दुसरं, ताण. याला लोक हसतात. घरात मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, बिनवासाचं लिटर, वॉशिंग मशीनपासून लांब, आणि जागा हलवायची नाही. खिडकीबाहेर भटका बोका येऊन बसत असेल तर काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद. उंचावर बसायला फळी. जेवण आणि खेळ वेळेवर. दिवाळीत आतली खोली, पडदे ओढलेले, आत ट्रे आणि पाणी, आणि फटाके सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिलेलं गॅबापेंटिन, म्हणजे शांत ठेवणारं औषध. आता आमच्याकडे गणपतीला येणाऱ्यांनी या खोलीचं दार उघडायचं नाही. राग आला तरी चालेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ‘एकदाचं ऑपरेशन करून का टाकत नाहीस?’ पेरिनियल युरेथ्रोस्टॉमी म्हणतात त्याला. निमुळता भाग काढून आतला रुंद भाग बाहेर उघडतात. तुंबण्याचा धोका बराच कमी होतो. पण सूज तशीच येत राहते, रक्त तसंच, ट्रेकडे धावणं तसंच, आणि आजवर नसलेला जंतुसंसर्ग पुढे होण्याची शक्यता वाढते. तोंड आकसलं तर पुन्हा टेबलावर. पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या बोक्याला ते करावंच. एकदा तुंबलेल्याला? एक डॉक्टर म्हणतात थांबा, दुसरे म्हणतात दुसऱ्यांदा तुंबला आणि तुम्ही गावाला असलात तर? दोघांचंही बरोबर आहे. मी तूर्त थांबलेय, पण गावाला जाणं बंद केलंय, आणि हा काही तोडगा नव्हे हे मला कळतं. त्याला सांभाळायला जो कुणी राहील त्याला लिटरचे गोळे मोजता यायला हवेत. तुमच्यापैकी कुणी तयार असेल तर सांगा.