यामाशिनाला आमचं ‘कल्याण’ झालं

डोंबिवलीत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी ‘गाडी बघून चढ गं’ म्हटलं, की डोकं फिरतं. माझंही फिरायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आईला घेऊन जपानात क्योतोला गेले आणि तिसऱ्याच दिवशी कर्जतच्या ऐवजी कसारा पकडली. म्हणजे तिथली कसारा. ते सांगतेच, पण आधी हिशेब, कारण निघण्याआधीचा महिना त्यातच गेला.

आईची अट एकच होती: रोज बॅगा बांधायच्या नाहीत. तिचे गुडघे बघता ती योग्यच होती. म्हणून स्टेशनजवळच्या एकाच हॉटेलात सात रात्री घेतल्या आणि तिथूनच सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं ठरवलं. ज्याला त्याला विचारलं, तो म्हणे, ‘जेआर पास काढून टाक,’ म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांतून देशभर फिरायचा पर्यटकांचा पास. हा सल्ला जुना झालाय. सात दिवसांचा पास पूर्वी २९,६५० येनला होता, ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० झाला. तेव्हा १०० येनला साधारण ५५ रुपये पडत होते, म्हणजे माणशी साडेसत्तावीस हजार. मी वही काढली आणि जाऊन-येऊन भाडी मांडली. नारा १,५२०, हिमेजी ४,६२०, हिकोने २,३४०, उजी ४८०. बेरीज नऊ हजार येनच्याही आत. तोक्यो-हिरोशिमा अशा लांब उड्या मारायच्या नसतील, तर तो पास कशाला?

हिमेजीपुरता मात्र एक दिवसाचा कान्साई एरिया पास घेतला, २,८०० येनचा. परदेशी पर्यटकांनाच मिळतो. माणशी १,८२० येन वाचले. त्यात शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, चालत नाही, त्यामुळे पाऊण तासाच्या प्रवासाला दीड तास लागतो. आम्हाला कुठे घाई होती? बाकी सगळीकडे आधी पैसे भरून ठेवायचं इकोका कार्ड गेटवर टेकवत फिरलो. ते २,००० येनला मिळतं, त्यातले ५०० डिपॉझिटचे.

आता गाड्या. ‘फुत्सू’ म्हणजे आपली स्लो, ‘काइसोकू’ फास्ट आणि ‘शिन-काइसोकू’ त्याहून फास्ट, ताशी १३० किलोमीटरपर्यंत पळणारी. तिन्हींचं भाडं सारखंच. जादा तिकीट लागतं ते लिमिटेड एक्स्प्रेसला. एवढं कळल्यावर मला वाटलं, झालं, हे तर आपलंच घर.

हिकोनेला जायचा दिवस. क्योतो स्टेशनातले प्लॅटफॉर्मचे आकडेही गमतीचे आहेत. सुरुवात शून्यापासून, पुढे एक नाहीच, एकदम दोन आणि तीन. आईने दोनदा मोजून पाहिलं. बोर्डावर शिन-काइसोकू दिसली, उत्तरेकडे जाणारी होती, वेळही जुळत होती. चढलो. सीटची पाठ इकडून तिकडे सरकवून गाडीच्या दिशेला तोंड करता येतं. आईला ते इतकं आवडलं, की तिने समोरची रिकामी सीटही फिरवून पाहिली.

यामाशिना गेलं. पुढचं स्टेशन ओत्सु, हे मला पाठ होतं. घोषणेत ‘ओत्सु...’ ऐकलं आणि मी निर्धास्त झाले. गाडी थांबली तेव्हा पाटीवर तीन अक्षरं. ओत्सुला दोनच असतात. तिसरं अक्षर ओळखीचं होतं, क्योतोच्या नावातलं पहिलं. हे ‘ओत्सु’ नव्हतं, ‘ओत्सुक्यो’ होतं.

तर यामाशिना म्हणजे तिथलं कल्याण. तिथून बिवा तलावाच्या दोन बाजूंनी दोन फाटे फुटतात. पूर्वेकडचा हिकोनेवरून मायबाराकडे जातो, तर पश्चिमेकडची कोसेई लाइन थेट डोंगराच्या पायथ्याने वर चढते. शिन-काइसोकू दोन्हीकडे धावतात, आणि काही गाड्या कुठल्याही बाजूने गेल्या तरी शेवटी त्सुरुगालाच पोचतात. म्हणजे गाडीच्या कपाळावरचं गाव वाचून काही कळत नाही. बघायचं असतं ते लाइनचं इंग्रजी अक्षर: पूर्वेची ‘ए’, कोसेई ‘बी’. त्यांचे रंग कुणी ठरवले देव जाणे, एक निळा आणि दुसरा फिकट निळा!

‘उतर, उतर’ म्हणत आईला खाली घेतलं. फलाटावर वारा होता. आई शांतपणे म्हणाली, ‘अगं, शेजारच्या काकूंना तू दहा वर्षं हसत होतीस ना, आसनगावला पोचल्या म्हणून?’

एक स्टेशन मागे, यामाशिनाला फलाट बदलला आणि यावेळी निळी ‘ए’ बघून चढलो. अर्धा-पाऊण तास गेला, बाकी काही बिघडलं नाही. हिकोनेचा किल्ला स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. मुख्य बुरूज १६०७ च्या सुमारास पुरा झाला. आतले जिने म्हणजे जिने नव्हेत, दांडा धरून चढायची शिडीच. आईने खालून बघितलं आणि पायथ्याच्या गेन्क्यूएन बागेत बसणं पसंत केलं. हिमेजीच्या किल्ल्यात मात्र ती चढली, बूट पिशवीत घालून, अगदी वरच्या मजल्यापर्यंत, आणि पुढचे दोन दिवस मला ते ऐकवत होती.

नाऱ्याला मुद्दाम जेआरने गेलो नाही. जेआरचं भाडं तेव्हा ७२० येन होतं, किन्तेत्सु या खासगी रेल्वेचं ७६०. पण किन्तेत्सुचं स्टेशन हरणांच्या बागेला खूप जवळ, आणि गुडघ्यांपुढे चाळीस येन काहीच नाहीत. तिथल्या तोदाइजी देवळातल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ मध्ये ज्याने रंगवून उघडले, तो बोधिसेन नावाचा भिक्षू भारतातून आलेला होता. हे आईला सांगितलं तर म्हणाली, ‘तो कसा आला असेल गं, पास काढून?’

एक गोष्ट वहीत नव्हती. नोव्हेंबरात तिथे पाच वाजायच्या आतच सूर्य बुडतो, आणि किल्ले त्याआधीच आत घेणं बंद करतात. म्हणून एका दिवसाला एकच गाव. ‘वाटेत अजून एक करू’ हा मोह झाला, की दोन्ही अर्धवट राहतात.

शेवटच्या दिवशी मीच तो नियम मोडला. सकाळी उजी. दहा येनच्या नाण्यावर जे देऊळ आहे ते तिथलं ब्योदोइन, १०५३ सालचं. आईने पर्समधून नाणं काढून डोळ्यांसमोर धरलं, मग तळ्यापलीकडचं देऊळ बघितलं, मग परत नाणं. ‘कौलांवरचे दोन पक्षी दिसत नाहीत यावर,’ असा निकाल देऊन तेच नाणं पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलं.

परतताना इनारीला उतरायचं होतं, लाल कमानींच्या देवळात. ते चोवीस तास उघडं असतं आणि तिकीटही नाही, म्हणून संध्याकाळसाठी राखलं होतं. इथे पुन्हा फास्ट-स्लोची भानगड. नाऱ्याहून येणारी मियाकोजी काइसोकू उजीला थांबते, इनारीला नाही. घाईत ती पकडली, की इनारी खिडकीतून बघत थेट तोफुकुजी. या वेळी मी दोन फास्ट सोडल्या.

देवळातून परत स्टेशनवर आलो तेव्हा अंधार झाला होता आणि फलाट माणसांनी फुलला होता. गाडी आली, गर्दी पुढे सरकली, मीही सरकले. मागून आईने माझ्या बॅगेचा पट्टा धरला.

‘थांब. अक्षर बघितलंस?’

‘डी. तपकिरी. स्लो आहे, आणि क्योतो दोनच स्टेशनं.’

‘मग चढ.’