पाच दिवस नव्हे, १२० तास : कुत्र्याला घेऊन नेदरलँड्सहून इंग्लंडला

ब्रिटनमध्ये शिरण्याआधी कुत्र्याला जे जंताचं औषध द्यावं लागतं, "ते पाच दिवस चालतं" असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. आम्ही विसंबलो आणि फ्रान्समधल्या कॅलेला सव्वीस तास अडकून पडलो. परवा रात्री घरी पोचलो, अजून झोप पुरी झालेली नाही, पण हे डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

आम्ही उत्रेख्तला राहतो. मोत्या गावठी आहे, वजन बावीस किलो. भारतातून येताना त्याला बरोबरच आणलं होतं. बहीण शेफिल्डला असते, तिच्याकडे दहा दिवस जायचं होतं. विमानाचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा केबिनमध्ये चालत नाही, त्याला मालवाहतुकीतूनच पाठवावं लागतं. आणि दोन तासांच्या उड्डाणासाठी त्याला पिंजऱ्यात घालून मालाबरोबर सोपवणं मला पटत नाही. युरोस्टार या प्रवासी रेल्वेत मार्गदर्शक कुत्र्यांखेरीज कुणाला घेत नाहीत. मग उरतात बोट किंवा कॅलेहून समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी वाहून नेणारी रेल्वे. आम्ही बोगदा निवडला, कारण पस्तीस मिनिटांत पलीकडे जाता येतं आणि कुत्रा आपल्याच गाडीत आपल्याजवळ राहतो.

कागदपत्रांची तयारी चोख होती, असं वाटत होतं. युरोपीय संघातला निळा पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट होता, चिप होती, रेबीजच्या लशीची मुदत होती. राहिलं होतं पट्टकृमी या जंताचं औषध. कोल्ह्यांमधून पसरणारा एक पट्टकृमी युरोपच्या मुख्य भूमीवर आढळतो. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, फिनलंड आणि माल्टा हे देश त्यापासून मुक्त आहेत, आणि तो आत येऊ नये म्हणून इतर देशांतून तिथे शिरणाऱ्या कुत्र्याला आधी प्राझिक्वांटेल हे औषध द्यावं लागतं. मांजरांना ही अट नाही. औषध डॉक्टरांनीच द्यायचं, तुम्ही घरी गोळी चारलीत तर ती धरली जात नाही. ते देशात शिरण्याआधी किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास दिलेलं असलं पाहिजे.

आमचा घात या १२० नेच केला. नेहमी इंग्लंडला जाणाऱ्या एका कुत्रेवाल्या ओळखीच्यांनी सांगितलं होतं, "सोमवारी द्या, शनिवारी जा, पाच दिवस होतात." आमच्या डॉक्टरांकडेही सोमवारचीच वेळ मिळत होती. सोमवारी सकाळी ९:४० ला गोळ्या दिल्या. म्हणजे शनिवारी सकाळी ९:४० ला मुदत संपली. आम्ही शनिवारी सहाला निघालो, अँटवर्पजवळ गर्दीत अडकलो आणि कॅलेच्या प्राणी तपासणीच्या खिडकीवर पोचलो तेव्हा १०:३५ झाले होते. आपल्याच हातात चिप वाचायचं यंत्र देतात, ते मोत्याच्या मानेवरून फिरवलं, चिप वाजली, आकडा जुळला. मग बाईंनी पासपोर्टचं पान उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. मी पंचावन्न मिनिटांची गोष्ट सांगत राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज जाता येणार नाही. डॉक्टर शोधा, पुन्हा औषध द्या, चोवीस तास थांबा." त्यांचं काही चुकलं नाही, आता मला ते मान्य आहे. तेव्हा नव्हतं.

शनिवारी दुपारनंतर प्राण्यांचा दवाखाना उघडा मिळणं किती अवघड आहे, ते अशा वेळी कळतं. पार्किंगमध्ये उन्हात उभं राहून फोन लावले. तीन ठिकाणी उचललाच नाही. चौथ्या ठिकाणी म्हणाले, बारापर्यंत या. गावात जाऊन पोचलो ११:४० ला. डॉक्टरांना काय हवं ते बघताक्षणी कळलं, म्हणजे आमच्यासारखे तिथे रोजच येत असणार. वजन केलं, गोळ्या चारल्या, शिक्का मारला, ९५ युरो घेतले. आमच्याकडे याच कामाला ३२ युरो पडले होते. गोळ्या त्याच. आपल्यापुढे दुसरा इलाज नाही हे समोरच्याला माहीत असलं की दर असा लागतो, आणि मला याचा राग अजून गेलेला नाही. पैसे द्यायचे तर द्या, पण ठरवून फोनवरच आकडा विचारा.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट नंतर झाली. गाडीत बसून पासपोर्ट पाहिला तर त्यांनी तारीख लिहिली होती, वेळ लिहिली नव्हती. आणि नोंद केली होती ती भाग आठमध्ये, जिथे इतर परजीवींवरच्या औषधांची नोंद असते. या पट्टकृमीची नोंद भाग सातमध्येच लागते, औषधाचं नाव, कंपनी, तारीख, वेळ, सही आणि शिक्का यांच्यासह. मी धावत परत गेले तेव्हा दवाखान्याची जाळी निम्मी खाली आली होती. वाकून आत शिरले. डॉक्टर नाराज झाले, पण भाग सातमध्ये ११:५० ही वेळ लिहून नवा शिक्का दिला. ती वेळ नसती तर रविवारीही आम्ही त्याच खिडकीवरून परतलो असतो, आणि रविवारी तर एकही दवाखाना उघडा नसता.

तेव्हा दवाखान्यातून निघण्याआधी काउंटरवर उभं राहूनच पान तपासा. भाग सात. औषधाचं नाव. तारीख. वेळ. सही. शिक्का. हे डॉक्टरांना आवडो वा न आवडो. आपले नेहमीचे डॉक्टर कितीही चांगले असले तरी ही नोंद ते वर्षातून दोन-चारदाच करत असतील.

त्या रात्रीच्या हॉटेलचे ११८ युरो, कुत्र्याचे वेगळे २०, तिकीट बदलण्याचे ८४, डॉक्टरांचे ९५. एका तासाच्या चुकीला ३१७ युरो. खोलीत गालिचा होता आणि मोत्या रात्रभर दारापाशी बसून राहिला. आम्ही तिघंही झोपलो नाही.

रविवारी दुपारी त्याच बाई खिडकीवर होत्या. पान पाहिलं, हसल्या, आरशावर लावायचा कागद दिला. मला रडू आलं, खरंच.

इंग्लंडमधले दहा दिवस उत्तम गेले. पीक डिस्ट्रिक्ट या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात भरपूर चाललो. एवढंच लक्षात ठेवा की तिथल्या मोकळ्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या पट्ट्यावरच लागतो, आणि मेंढ्या असतील तिथे तर वर्षभर. आणि काही जातींच्या कुत्र्यांना ब्रिटनमध्ये मनाईच आहे, पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्रासिलेरो आणि एक्सएल बुली. तुमचा कुत्रा त्यांच्यासारखा दिसत असेल तरी जाऊ नका. तिथे ठरवताना कागदावरची जात बघत नाहीत, अंगलट बघतात.

परतीच्या वाटेवर पट्टकृमीचं औषध लागत नाही. पण ब्रिटनमधून युरोपीय संघात येताना मांस असलेलं कुत्र्याचं खाणं आणता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं खास पथ्याचं खाणं तेवढं दोन किलोपर्यंत चालतं, तेही न फोडलेल्या किंवा सध्या वापरात असलेल्या पाकिटातलं. बहिणीने घेतलेली सहा किलोची पिशवी आम्ही तिच्याकडेच ठेवून आलो. निघायच्या दिवसापुरतंच खाणं घ्या.

पुढच्या वेळी आम्ही हूक व्हान हॉलंडहून हार्विचची रात्रीची बोट घेणार. तपासणी घरापासून तासाभराच्या अंतरावर होते, काही राहिलं तर निदान आपल्या ओळखीच्या गावात राहतं. बोगदा वेगवान आहे, पण त्याआधी चार तासांचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर काय होईल हे कुणाच्या हातात नाही. बोगद्यानेच जायचं असेल तर औषध निघण्याच्या दोन किंवा तीन दिवस आधी द्या. म्हणजे पुढेही वेळ उरतो, मागेही. पाचव्या दिवसाच्या काठावर जाऊ नका. आणि ज्यांचं घर इंग्लंडमध्ये आहे आणि चार दिवसांसाठीच युरोपात यायचं आहे, त्यांनी निघण्याआधी इंग्लंडमधल्याच डॉक्टरांकडून औषध द्यावं, परत शिरताना २४ ते १२० तासांच्या आत असलं की झालं. मात्र परतल्यावर २८ दिवसांच्या आत पुन्हा एकदा द्यावं, असा सल्ला असतो.

आणखी एक गोष्ट, कारण बहिणीशी रोज तेच बोलत होते. पुढच्या हिवाळ्यात मोत्याला घेऊन भारतात जायचं आहे. रेबीजबाबत सूट असलेल्या देशांच्या युरोपीय संघाच्या यादीत भारत नाही, म्हणून परत येताना रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी लागते. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच, आकडा मिलिलिटरमागे किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक). लस दिल्यावर निदान तीस दिवसांनी रक्त काढायचं. चाचणी भारतात गेल्यावर केली तर रक्त काढल्यापासून तीन महिने तिथेच थांबावं लागतं. युरोपातून निघण्याआधी इथेच करून पासपोर्टच्या भाग सहामध्ये नोंदवून घेतली तर ते तीन महिने लागत नाहीत. इतका साधा फरक आहे, आणि लोक कुत्र्याला तिथे नातेवाइकांकडे ठेवून एकटे परत येतात, हे मी दोन घरांत पाहिलं आहे.

मोत्याची एक चाचणी तीन वर्षांपूर्वी झाली होती. ती आयुष्यभर चालते, पण एका अटीवर, रेबीजचा बूस्टर एकदाही चुकता कामा नये. गेल्या वर्षी घर बदलण्याच्या धावपळीत आम्हाला अकरा दिवस उशीर झाला. उशिरा दिलेला डोस पहिली लस म्हणून धरतात, आणि जुनी चाचणी बाद होते. अकरा दिवसांसाठी सगळं नव्याने. रक्त येत्या गुरुवारी काढायचं आहे. निकाल आला की भाग सहामध्ये नोंद, शिक्का आणि तारीख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी दवाखान्याच्या दारातून बाहेर पडणार नाही.