तुम्ही विचारलंत म्हणून: मुकुट उतरल्यावर राणीचे पुढे काय होते?

फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलात, काही वर्षे राहून परतल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. 1994 साली सुश्मिता सेन मनिलातच विश्वसुंदरी झाली, एवढे आपल्याकडे बहुतेकांच्या लक्षात असते. त्यामुळे बोलणे तिथून सुरू होते, ‘त्या लोकांना सौंदर्यस्पर्धांचे इतके वेड कसे?’ यावर घुटमळते आणि शेवटी ‘पण त्या मुलींचे पुढे होते काय?’ इथे येऊन ठेपते. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते. एक तर सिनेमा, नाहीतर तालेवार घरात लग्न आणि मग ती संसारात रमली. ‘संसारात रमली’ हे शब्द आपण असे उच्चारतो, की त्यापुढे त्या बाईबद्दल विचारण्यासारखे काही उरतच नाही.

वेडाबद्दल थोडक्यात सांगते. मे महिन्यात तिथे ‘सांताक्रूझान’ची मिरवणूक निघते. निमित्त ख्रिस्ती परंपरेतल्या राणी हेलेनाचे. पण प्रत्यक्षात गल्लीतल्या मुली नटूनथटून, फुलांच्या कमानीखालून संथ पावलांनी चालतात आणि शेवटची सर्वात मानाची जागा ‘रेना एलेना’ची असते. आमच्या शेजारची मुलगी एका वर्षी रेना एलेना झाली, तेव्हा तिची आई हातात पाण्याची बाटली, पंखा आणि टाचण्यांची डबी घेऊन कमानीच्या बाजूने सबंध वाट तिच्याबरोबर चालली होती. घामाने पावडर ओघळली की ती चटकन पुढे होऊन टिपायची आणि पुन्हा मागे सरायची. फोटोत ती कुठेच नाही. राणीपद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचे काम आहे, ही समज त्या मुलींना अशी लहानपणापासूनच येत असावी.

प्रश्नाचे खरे उत्तर देताना मात्र मी हयात असलेल्या कोणत्याही विश्वसुंदरीचे नाव घेत नाही. मी पुरा व्हिलानुएव्हाची गोष्ट सांगते.

पुराचा जन्म 1886 साली फिलिपिन्समधल्याच इलोइलोचा. स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली तेव्हा ती बारा वर्षांची होती. 1906 मध्ये, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर, तिने इलोइलोत ‘असोसियासिओन फेमिनिस्ता इलोंगा’ ही स्त्रियांची संघटना उभी केली आणि स्त्रियांना मताचा अधिकार हवा, असे वर्तमानपत्रातून लिहू लागली. राणीपद आले ते यानंतर. 1908च्या फेब्रुवारीत अमेरिकन राज्यकर्त्यांनी मनिलाच्या लुनेता मैदानाजवळ पहिला ‘मनिला कार्निव्हल’ भरवला. वसाहतीची प्रगती जगाला दाखवणे आणि राज्यकर्ते व प्रजा यांचे कसे छान जमते याचा देखावा उभा करणे, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून राण्याही दोन होत्या: पाश्चात्त्यांची राणी एक अमेरिकन तरुणी, आणि पौर्वात्यांची राणी पुरा. मुकुट घालून मिरवलेल्या या राणीला साध्या निवडणुकीत मत देण्याची मुभा नव्हती आणि ती पुढे जवळजवळ तीस वर्षे मिळणार नव्हती.

1910 मध्ये तिने तेओदोरो कलावशी लग्न केले. हे स्थळ तालेवार वगैरे नव्हते. तो ‘एल रेनासिमिएन्तो’ या पत्राचा संपादक होता आणि त्याच्या डोक्यावर अब्रुनुकसानीचा खटला होता. ‘शिकारी पक्षी’ अशा अर्थाच्या मथळ्याचा अग्रलेख त्याच्या पत्रात 1908 साली छापून आला होता. त्यात नाव कोणाचेच नव्हते, पण वसाहतीच्या गृहखात्याचा अमेरिकन प्रमुख डीन वुस्टर याला तो आपल्यावरच असल्याचे बरोबर कळले. (‘कलाव’ हे तिकडच्या धनेश पक्ष्याचे नाव, हे कळले तेव्हा मला हसू आवरेना.) न्यायालयाने कैदेची शिक्षा ठोठावली, ती 1914 मध्ये गव्हर्नर-जनरलने माफ केली. म्हणजे नव्या संसाराची पहिली चार वर्षे नवरा केव्हा तुरुंगात जाईल याचा भरवसा नसताना गेली. त्याच गृहखात्याचा प्रमुख पुढे 1920 मध्ये तेओदोरो स्वतः झाला, आणि नंतर राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक.

या सगळ्या काळात पुरा संसारात रमलेली होती, असे म्हणायला माझी हरकत नाही. फक्त त्या संसारात काय काय मावत होते ते पाहावे. 1918 साली तिने ‘कोंदिमेंतोस इंदीहेनास’ हे पाककृतींचे पुस्तक स्पॅनिशमध्ये काढले. नावातला ‘इंदीहेनास’ म्हणजे देशी. सुशिक्षित घरांत स्पॅनिश आणि अमेरिकन पदार्थांची प्रतिष्ठा असताना एका माजी राणीने देशी स्वयंपाक छापील पुस्तकात आणावा, ही मला तिच्या मुकुटापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

मताधिकाराला विरोध करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा घराचाच होता: बाई मत देऊ लागली की कुटुंब मोडेल, आणि नवऱ्यासारखेच मत देणार असेल तर वेगळे मत हवेच कशाला? 1935च्या राज्यघटनेने अट घातली, की किमान 3 लाख स्त्रियांनी सार्वमतात होकार दिला तरच हा हक्क मिळेल. पुरुषांना अशी परीक्षा कधी द्यावी लागली नव्हती. 30 एप्रिल 1937 रोजी 4,47,725 स्त्रियांनी होकार दिला, 44,307 जणींनी नकार. पुरा तेव्हा पन्नाशीची होती. घरदार सांभाळून तीस वर्षे याच मागणीचा पाठपुरावा केलेल्या बाईपुढे कुटुंब मोडण्याचा मुद्दा मांडणाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, ते पाहायला मला आवडले असते.

मुलींकडे येते. थोरली मारिया 1931 साली त्याच कार्निव्हलची राणी झाली, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकली आणि 1961 मध्ये सिनेटवर निवडून आली. दुसरी पुरिता, तिने 1948 मध्ये देशातल्या चित्रकार-शिल्पकारांची संस्था स्थापन केली. मुलाची बायको एवा 1965 मध्ये सिनेटर झाली. म्हणजे दोन वर्षे नणंद आणि भावजय एकाच सिनेटमध्ये बसत होत्या, आणि त्याही वेगवेगळ्या पक्षांच्या तिकिटांवर निवडून येऊन. आपल्याकडे नणंदा-भावजयांवर ओव्या आहेत, उखाणे आहेत. हे दृश्य मात्र त्यांत कुठे बसत नाही.

पुराने ते पाहिले नाही. 1940च्या डिसेंबरात तेओदोरो गेला, वर्षभरात जपानी आले, आणि 1945च्या लढाईत मनिला जवळजवळ जमीनदोस्त झाले. त्या पडझडीनंतर साठी ओलांडलेल्या या आजीने पुन्हा लिहायला घेतले: 1947 मध्ये फिलिपिनो ध्वजाचा छोटा इतिहास, 1952 मध्ये स्त्रियांना मत कसे मिळाले याची हकीकत. 1954 मध्ये ती वारली.

मनिलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयासमोरचा रस्ता टी. एम. कलाव यांच्या नावाचा आहे. ती आद्याक्षरे अर्थात तेओदोरोची. मी तिथे जीपनीने, म्हणजे तिकडच्या जीपसारख्या सामायिक प्रवासी गाडीने, जात असे. भाड्याची नाणी एकमेकांच्या हातांतून पुढे सरकवायची आणि कुठे उतरायचे ते मोठ्याने सांगायचे, अशी तिथली रीत. आद्याक्षरे उच्चारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. सगळे नुसते ‘कलाव’ म्हणतात. मीही तेवढेच म्हणत असे आणि ग्रंथालयापाशी उतरत असे.