चमच्याची पाठ

कुठलंही भांडं हातात आलं की मी आधी ते उलटं करते. वाटी, ताटली, लोकांकडचा चहाचा कप. कपात चहा असला तर तो संपेपर्यंत थांबते, एवढंच. खोड लहानपणची. दुपारी मोठी माणसं झोपली की मी फडताळापुढे बसून भांड्यांवरची टिंबाटिंबांची नावं वाचायची. कुणाच्या मुंजीत कुणी काय दिलं, कोण कधी वारलं, सगळं तिथे. एका तांब्यावर ‘स्मरणार्थ’मधला स पडून नुसतं ‘मरणार्थ’ उरलं होतं. त्या तांब्यातलं पाणी मी कधी प्यायले नाही.

तर परवा एक बोटभर चांदीचा चमचा उलटा केला. पाठीवर मुंगीएवढे चार छाप: जहाजाचा नांगर, पाऊल उचललेला सिंह, एक बारकं ‘एच’ आणि दोन आद्याक्षरं. भिंग घेतलं आणि दुपार गेली.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. त्या शहराला समुद्र नाही, पण नांगर आहे! १७७३ साली शेफील्ड आणि बर्मिंगहॅमला चांदी तपासून छाप मारायचा हक्क मिळाला. त्याची खटपट चालू असताना मंडळी लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमत, म्हणून एकाला मुकुट, दुसऱ्याला नांगर, असं म्हणतात. त्याआधी बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याला आपली चांदी छापासाठी चेस्टरपर्यंत धाडावी लागे, आणि वाटेत ती खरवडली जाई, चेपे. सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. अक्षर सालाचं. माझं ‘एच’ १९०७ चं. तेव्हा अक्षर जुलैत बदले, म्हणून त्यात १९०८ चेही काही महिने आले.

राहिली आद्याक्षरं. मला वाटलं, आता कारागीर सापडला. कसला सापडतोय! ती अक्षरं असतात माल तपासायला पाठवणाऱ्या पेढीची. लंडनच्या ‘लिबर्टी’ या दुकानाची ‘किमरिक’ नावाने विकली जाणारी चांदी बर्मिंगहॅमला हॅसेलरांच्या कारखान्यात घडे, कितीतरी नक्षी आर्चिबॉल्ड नॉक्सची, आणि नाव मिरवायचं ते ‘लिबर्टी’नं. आपल्या भांड्यावर निदान देणाऱ्याचं नाव असतं.

मग मी बर्मिंगहॅमच्या सोनारकामाच्या गल्ल्यांतच शिरले. व्हाइस स्ट्रीट, अल्बियन स्ट्रीट, वॉर्स्टोन लेन. पुढे राहतं घर, मागच्या परसात कारखाना. अल्बियन स्ट्रीटवरचा जे. डब्ल्यू. इव्हान्सचा कारखाना अजून तसाच राखलाय, भिंतभर हजारो पोलादी ठसे रचलेले. एकाने ठसा कोरायचा, दुसऱ्याने वरून वजन पाडून पत्र्यावर उठवायचा, कडा कोणी तिसऱ्याने घासायच्या, झिलई बहुतेक बायकांनी द्यायची. मुठीत मावणारी काडेपेटीची डबीसुद्धा अशी फिरत फिरत पुरी व्हायची. कानस मारताना उडालेला कीस बाकाला अडकवलेल्या चामड्यात पडे. जमिनीचा केर आणि हात धुतलेलं पाणीही जपून ठेवत, कारण त्यातून धातू परत काढायचा असे. केराचा हिशोब होता, हे मला फारच आवडलं.

आणि माणसं? ती १९११ च्या जनगणनेत आहेत. त्या खेपेचे तक्ते कुटुंबप्रमुखांनी स्वतः भरलेले राखून ठेवलेत, म्हणून अक्षर त्यांचं. कोणी चांदीवर ठसा मारणारा, कोणाची मुलगी झिलईवाली. माझा चमचा यांतल्या कोणाचा, ते कळायला मार्ग नाही. एकाचा नसणारच म्हणा. तरी मी वाचत बसले. एकाने धंद्याच्या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलंय, ते काय असेल यात माझा चहा निवला.

१९२१ पर्यंत ही माणसं अशी भेटत राहतात. पुढची, १९३१ ची, इंग्लंड-वेल्सची सगळी पानं १९४२ च्या डिसेंबरात जळाली. बॉम्ब वगैरे नाही. ठेवली होती तिथे आग लागली, एवढंच.