स्टेपरचा करंट लावा तो मे महिन्याच्या हिशेबाने

स्टेपर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी (स्टेपनी) फिरणारी मोटर, तापली की हात आधी पंख्याकडे जातो. त्याआधी करंट बघा. कॉइलमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, टॉर्क मात्र साधारण करंटच्याच प्रमाणात. २.८ अँपियरची, ०.९ ओहम कॉइलची नेमा २३ मापाची मोटर घ्या. दोन्ही फेजमध्ये (कॉइलच्या दोन्ही संचांत) पूर्ण करंट असताना ती १४ वॉट उष्णता काढते, २ अँपियरवर जेमतेम ७. टॉर्क तीस टक्क्यांनी उतरला, ताप निम्मा झाला. पेरणीयंत्राची बियाण्याची तबकडी फिरवायला एवढा टॉर्क बहुधा पुरतो. डबा काठोकाठ भरून तपासा. ड्रायव्हरवर, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर, थांबलेल्या मोटरचा करंट अर्धा करणारा स्विच असेल तर तो चालूच ठेवा.

डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत जी मोटर ६२ वर थांबते, तीच ब्रह्मपुरीच्या ४५ अंशांत ९५ ला पोचते. बी वर्गाचं इन्सुलेशन १३० अंशांचं असतं, म्हणजे मोटर लगेच जळत नाही. पण पीएलए प्लास्टिकचा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला ब्रॅकेट साठीच्या आसपासच मऊ पडतो आणि बेल्ट ढिला होतो. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचाच हवा. तो उष्णताही ओढून घेतो.

खरी काळजी ड्रायव्हरची. ए४९८८ हा छोटा ड्रायव्हर फार तापला की स्वतःच बंद पडतो, निवला की पुन्हा सुरू होतो. मधल्या वेळातल्या स्टेप गेल्या, आणि आपण प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. पंखा लावायचा तो इथे, हीट सिंकच्या पात्यांवर. जिनिंगच्या आसपास या पात्यांत रुई अडकून नमद्यासारखा थर बसतो, तो दर आठवड्याला ब्रशने काढा. कूलरची हवा पॅनलवर सोडू नका, ओल आणि क्षार घेऊन येते.

मोटरवर २.५ व्होल्ट लिहिलंय म्हणून सप्लाय तेवढाच देऊ नका. करंट ड्रायव्हर आवरतो. वेगात कॉइल पटकन भरायला व्होल्टेज जास्तच लागतं. टीबी६६०० या मोठ्या ड्रायव्हरला ३६ व्होल्ट, ५ अँपियरचा एसएमपीएस (लाइनवरून डीसी देणारा सप्लाय) एका मोटरसाठी पुरे. ४२ च्या कमाल मर्यादेला टेकू नका, कारण फिरतं वजन झटक्यात थांबलं की मोटर वीज उलटी पाठवते. ए४९८८ ला मात्र २४ च द्या, आणि १०० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा कॅपॅसिटर अगदी त्याच्या सप्लायच्या पिनांजवळ लावा. सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीच काढू नका, ड्रायव्हर तिथेच जातो.

रात्री शेतीपंप सुरू झाले की लाइन १८० व्होल्टच्या खाली येते. तेव्हा एसएमपीएसचा स्विच ११५ वर सरकवायचा मोह होतो. तो २३० वरच राहू द्या आणि स्टॅबिलायझर लावा. पंप बंद होऊन लाइन वर आली, की ११५ वर ठेवलेला एसएमपीएस आतून फुटतो.