अर्धी टाकी, पूर्ण काटा

माझ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा पेट्रोलचा काटा फक्त पावसात खरं बोलायचा. कोरड्या दिवशी अर्ध्या टाकीला तो जवळजवळ 'फुल' दाखवायचा. पाऊस लागला, वायपर आणि हीटरचा पंखा सुरू झाला, की सावकाश उतरून अर्ध्याच्या आसपास यायचा. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, इथे पावसाला तोटा नाही. त्यामुळे आधीच्या मालकाने "काटा चांगला चालतो" असं सांगितलं, ते अगदीच खोटं नव्हतं.

गाडी 1973 ची, क्रोम बंपरवाली. ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 दरम्यान पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या, म्हणून आजही तिचा जवळपास प्रत्येक भाग नवा मिळतो. याचा तोटा असा, की कुणालाही विचारा, उत्तर एकच: काटा बदल. नाही जमलं तर टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग, बदल. मला हा प्रकार आवडत नाही. पन्नास वर्षं जुन्या वायरिंगमध्ये खरा काटा क्वचितच बिघडतो. त्याला मिळणारी वीज बिघडते.

तरी सेंडर आधी तपासला, कारण ते काम सोपं आहे. सेंडरला जाणारी हिरवी-काळी वायर काढून ठेवली की काटा शून्यावर जायला हवा, आणि तीच वायर बॉडीला जोडली की हळूहळू 'फुल'वर. (वायर काढताना-जोडताना इग्निशन बंद ठेवायचं. शेजारी पेट्रोलची टाकी आहे, तिथे ठिणगी नको.) दोन्ही तसंच झालं, म्हणजे वायर शाबूत आणि काटा जिवंत.

हा काटा 'हळूहळू' हलतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आत दोन धातूंची पट्टी असते, तिच्याभोवती तार गुंडाळलेली. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. म्हणून हा काटा कधी थरथरत नाही. डॅशबोर्डवर काही थरथरत असेल तर ते दुसरं काहीतरी. माझ्या गाडीत ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या तापमानाचं जोड-मीटर आहे, त्याला विजेशी देणंघेणंच नाही. एका बाजूला ऑइलची नळी येते, दुसऱ्या बाजूला बारीक केशनळी.

पट्टी तापवून चालणारा काटा व्होल्टेजला फार संवेदनशील असतो. म्हणून त्याला सरळ बॅटरी देत नाहीत, मध्ये स्टॅबिलायझर बसवतात. आगपेटीहून लहान डबी, तिच्यातही तशीच तापणारी पट्टी: तापली की संपर्क तुटतो, थंड झाली की जुळतो, आणि या उघडझापीची सरासरी 10 व्होल्ट पडते. स्टॅबिलायझर नीट असेल तर वायपर लावा, ब्रेक दाबा, काट्याला पत्ता लागायला नको. माझ्या काट्याला मात्र पावसाचा पत्ता लागत होता.

सांगलीला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी आयुष्यभर ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग केलं. एमजी त्यांनी फोटोतच पाहिलेली. मी व्होल्ट मोजायचा डिजिटल मीटर दाखवला, म्हणालो, "मामा, फ्यूजनंतर बारा व्होल्ट येतायत."

"लोड काय लावलायस?"

"काही नाही."

"मग येणारच की बारा, लेका. एक तार शिल्लक असली तरी मीटर बाराच दाखवतो. एकवीस वॅटचा बल्ब लाव आणि मग बघ. आणि अर्थिंग बघितलंस का?"

डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. ओढ लागली की गंजलेला जोड उघडा पडतो. माझ्याकडे बल्बपेक्षाही मोठा लोड हाताशी होता. वायपर, हीटरचा पंखा, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा हे सगळे एकाच हिरव्या सर्किटवर, एकाच फ्यूजच्या पोटात. सगळं चालू केलं, बायकोला ब्रेक दाबून बसवलं आणि मीटरच्या दोन सुया फ्यूज बॉक्सच्या दोन टोकांना लावल्या: एक पांढऱ्या वायरला, एक हिरव्या वायरला. तिथे जवळपास शून्य हवं. माझ्याकडे दीड व्होल्टच्या वर. इंडिकेटर ब्रेक दाबल्यावर का रेंगाळतात तेही तिथेच कळलं.

फ्यूज स्वतः चकचकीत होता. खराबी त्याच्या क्लिपमध्ये आणि क्लिपला खालच्या पातींशी जोडणाऱ्या रिव्हेटमध्ये होती. बॉक्स उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, बॉनेटखाली. अर्ध्या शतकाची ओल त्यात मुरलेली. क्लिप बारीक पॉलिश पेपरने घासून निघतात, रिव्हेटची सैल पकड नाही निघत. नवा बॉक्स घातला. याबाबतीत कंजुषी करू नये. ब्रेक लाइट याच फ्यूजवर आहेत, आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, म्हणजे दुसरं कुणी बघणारही नाही.

आणि मग गंमत झाली. फ्यूज बॉक्स बदलल्यावर काटा आणखी बिघडला. आता तो पावसातही 'फुल' दाखवू लागला.

मामांचा दुसरा प्रश्न आठवला, अर्थिंगचा. डॅशबोर्डखाली डोकं घालून, टॉर्च तोंडात धरून पाहिलं, तर स्टॅबिलायझर प्लास्टिकच्या पट्टीने वायरच्या जुडग्याला लटकवलेला. कुणीतरी कधीतरी रेडिओ बसवताना तो स्क्रूवरून काढला असणार. हा डबा बॉडीच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवायचा असतो, कारण तो स्क्रूच त्याचं अर्थिंग. अर्थ नसेल तर आतली पट्टी तापतच नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि बॅटरीचं अख्खं व्होल्टेज काट्याला. साडेतेरा व्होल्टला उष्णता 10 व्होल्टच्या सुमारे 1.8 पट होते. अर्धी टाकी भरलेली दिसणारच.

म्हणजे एक बिघाड काट्याला वर ढकलत होता, दुसरा पावसात खाली ओढत होता, आणि दोघांचं भांडण अर्ध्यावर मिटत होतं. सेंडर बदलून यातलं काहीच सुटलं नसतं.

पत्रा घासून, दातेरी वॉशर घालून स्टॅबिलायझर स्क्रूवर परत बसवला. तो उभाच बसवावा लागतो, आडवा चालत नाही. त्याच्या आउटपुटला डिजिटल मीटर लावला तर आकडे शून्य आणि बारा यांच्यात उड्या मारतात. ते पाहून नवा मागवायला धावू नका, तो असाच चालतो. टेस्ट लॅम्प लावला तर चक्क लुकलुकतो. हल्ली आत 7810 रेग्युलेटर, म्हणजे स्थिर 10 व्होल्ट देणारी इलेक्ट्रॉनिक चिप, घातलेले डबेही मिळतात, ते निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीला उत्तम. माझा जुना चालतोय, तोवर तोच.

आता टाकी तुडुंब भरली की काटा 'फुल'च्या किंचित खाली थांबतो. पेट्रोलच्या काट्याच्या डबीमागे बुचाने झाकलेली दोन भोकं असतात, आत स्क्रूड्रायव्हर घालून ते जुळवता येतं. मामा म्हणाले, "थोडं कमी दाखवतोय ना? दाखवू दे." भोकांची बुचं अजून जागेवर आहेत.